साखरेत फुटणारे स्फटिक : खानापूरच्या अबईपासून ग्लुटराल्डिहाइडपर्यंत

"मॅडम, फुटायलंय बघा हे."

सूक्ष्मदर्शकावरची मान न उचलता ती बोलली. मी जाऊन डोळा लावला. थेंबात एका प्रथिनाचा नितळ, धारदार कडांचा स्फटिक होता. आठवडाभर जपलेला, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. त्याच्या मधोमध एक रेघ उमटली, मग तिला काटकोनात दुसरी. तीनचार मिनिटांत सगळा स्फटिक चुरा झालेल्या काचेसारखा दिसायला लागला आणि कडा विरघळू लागल्या. आम्ही थेंबात घातली होती ती साखर. तीही या प्रथिनाला सगळ्यात जवळची असलेली साखर.

मी बेळगावच्या एका महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवते. माझ्या एका एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीच्या प्रकल्पाचं हे प्रकरण आहे. प्रथिनांचे स्फटिक रासायनिक पद्धतीने आतल्या आत बांधून टिकवणं, याला इंग्रजीत क्रॉसलिंकिंग म्हणतात, मी इथे 'बांधणी' म्हणेन. यावर मराठीत सविस्तर लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही. शिवाय आमच्या हातून ज्या चुका झाल्या त्या पुढच्या कुणाच्या तरी दोन महिन्यांची बचत करतील, म्हणून सगळं क्रमाने मांडते.

अबई कुठून आली

मुलगी खानापूर तालुक्यातली. त्यांच्या परड्यात चिऱ्यांच्या गडग्यावर अबईचा वेल आहे. आपल्याकडे तिच्या कोवळ्या शेंगांची भाजी करतात, जून झालेल्या शेंगा बियाण्याला ठेवतात. प्रकल्पासाठी प्रथिन निवडायची वेळ आली तेव्हा मी वर्गात जेम्स समनरची गोष्ट सांगत होते. कॉर्नेल विद्यापीठातला हा माणूस मूळचा डावखुरा. सतराव्या वर्षी शिकारीतल्या अपघातात त्याचा डावा हात कोपराखाली गेला, मग उजव्या हाताने सगळं नव्याने शिकला. १९२६ मध्ये त्याने जॅक बीन नावाच्या शेंगेच्या बियांतून युरिएज या विकराचे (एन्झाइमचे) स्फटिक काढले आणि विकर म्हणजे प्रथिनच, हे दाखवून दिलं. त्यासाठी १९४६ चं नोबेल त्याला विभागून मिळालं. त्याच बियांतून त्याने त्याआधी, १९१९ मध्येच, आणखी एका प्रथिनाचे स्फटिक मिळवले होते : कॉनकॅनॅव्हॅलिन-ए. जॅक बीन ही आपल्या अबईची सख्खी चुलत बहीण, दोन्ही कॅनव्हालिया या एकाच कुळीतल्या.

दुसऱ्या सोमवारी ती पिशवीभर बिया घेऊन आली. "आज्जीनं दिल्यात. पण परत पेरायला थोड्या ठेवा म्हणालीय."

आज्जींच्या बिया तांबड्या, समनरच्या पांढऱ्या. साली काढून, वाळवून, मिक्सरमध्ये दळून, मिठाच्या पाण्यात रात्रभर थंडीत ढवळत ठेवल्या. मग अमोनियम सल्फेटने प्रथिन खाली बसवलं आणि सेफाडेक्सच्या स्तंभातून गाळलं. हा टप्पा मला फार आवडतो. सेफाडेक्स हे जेल स्वतःच साखरेच्या साखळ्यांचं बनलेलं असतं. हे प्रथिन साखर ओळखून धरणारं, म्हणजे लेक्टिन, असल्यामुळे ते जेललाच चिकटून बसतं. बाकीची प्रथिनं धुऊन गेली की वरून ग्लुकोजचं द्रावण सोडायचं. प्रथिन जेल सोडून ग्लुकोज धरतं आणि स्वच्छ होऊन खाली उतरतं. महागड्या यंत्राशिवाय, एका काचेच्या नळीत.

तांबड्या अबईचं प्रथिन छान मिळालं, पण त्याचे मोठे स्फटिक आमच्या हाताला आले नाहीत. वेळ मर्यादित होता, म्हणून पुढचं सगळं काम विकत आणलेल्या जॅक बीनच्या कॉनकॅनॅव्हॅलिन-ए वर केलं. प्रबंधात हे स्पष्ट लिहिलं आहे, इथेही लिहिते.

स्फटिक का फुटतो

प्रथिनाचा स्फटिक म्हणजे मिठाचा खडा नव्हे. त्यात साधारण निम्मा भाग पाणीच असतं. १९३४ मध्ये बर्नाल आणि डोरोथी क्रोफूट यांनी पेप्सिनचे स्फटिक त्यांच्या मूळ द्रवात ओले ठेवूनच क्ष-किरणांसमोर धरले, तेव्हा कुठे ठिपक्यांचं सुबक चित्र मिळालं. वाळवले असते तर आतली रचनाच कोसळली असती. चुना-सिमेंट न लावता नुसत्या चिऱ्यांवर चिरे ठेवून रचलेल्या गडग्यासारखं हे असतं. रेणू एकमेकांना मोजक्या ठिकाणी, हलक्या हाताने टेकलेले. आजूबाजूच्या द्रवातलं मीठ, सामू (पीएच), तापमान बदललं की टेकण्या सुटतात.

आमच्या प्रथिनाचं आणखी एक दुखणं होतं. कॉनकॅनॅव्हॅलिनच्या प्रत्येक उपघटकात, म्हणजे एका साखळीत, २३७ अमिनो आम्लं असतात, सोबत एक मँगनीज आणि एक कॅल्शियम. हे धातू नसतील तर साखर धरताच येत नाही. सातच्या आसपासच्या सामूला चार उपघटक एकत्र राहतात. साखर नसताना वाढवलेल्या स्फटिकांत रेणू एका ठरावीक मांडणीत बसतात : तिन्ही अक्षांना काटकोन, कडा सुमारे ८९, ८७ आणि ६३ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा कोटीवा हिस्सा). साखर बसली की रेणूत आणि उपघटकांच्या परस्पर बसण्यात थोडा फरक पडतो. तेवढा फरक जुन्या मांडणीला झेपत नाही आणि स्फटिक चिरतो.

पण ही चीर साखर बसल्यामुळेच पडली, की नुसत्या दाट द्रावणाच्या धक्क्याने? हा प्रश्न तिने स्वतः काढला, मी सुचवला नव्हता. तिने दुसरा स्फटिक तेवढ्याच सांद्रतेच्या गॅलॅक्टोजमध्ये ठेवला. कॉनकॅनॅव्हॅलिन मॅनोज आणि ग्लुकोज ओळखतं, गॅलॅक्टोज ओळखत नाही. गॅलॅक्टोजमधला स्फटिक संध्याकाळपर्यंत जसाच्या तसा होता. मिथाइल मॅनोसाइडमधला, म्हणजे आम्ही पहिल्यांदा घातलेल्या, मॅनोजपासून बनलेल्या साखरेतला, चार मिनिटांत गेला. म्हणजे साखर आत जात होती, बसत होती, आणि बसण्याच्याच भरात घर मोडत होती.

पहिला प्रयत्न, जो वाया गेला

१९६४ मध्ये क्विओचो आणि रिचर्ड्स यांनी कार्बॉक्सिपेप्टिडेज-ए या विकराचे स्फटिक ग्लुटराल्डिहाइडने बांधले. ते मग विरघळेनात, तरी विकराचं काम काही प्रमाणात करत राहिले. ग्लुटराल्डिहाइड हा पाच कार्बनांचा छोटा रेणू, दोन्ही टोकांना अल्डिहाइड. प्रथिनाच्या पृष्ठभागावर लायसिन नावाची अमिनो आम्लं असतात. त्यांच्या लांब शेपटीच्या टोकाला अमाइन गट असतो, अल्डिहाइड त्यालाच जुळतं. एक टोक एका रेणूच्या लायसिनला, दुसरं शेजारच्या रेणूच्या लायसिनला लागलं की गडग्यात चुना भरला गेला. प्रत्यक्षात पाण्यात हा रेणू एकट्याने कमी आणि वलयांच्या, लहानमोठ्या साखळ्यांच्या रूपात जास्त असतो, आणि जोडही पाठ्यपुस्तकातल्या साध्या चित्राहून पक्के होतात. म्हणून तर ते सहजासहजी सुटत नाहीत.

आम्ही ०.५ टक्के ग्लुटराल्डिहाइड सरळ थेंबात घातलं. दहा मिनिटांत थेंब पिवळसर झाला, तासाभरात तपकिरी. स्फटिक दिसायला शाबूत. आम्हाला वाटलं, जमलं! मग एक उचलून साध्या पाण्यात टाकला आणि तो डोळ्यांदेखत विरघळला.

कारण आमच्याच वहीत लिहिलेलं होतं. स्फटिक वाढवले होते अमोनियम सल्फेट आणि ट्रिस बफरमध्ये (बफर म्हणजे सामू स्थिर ठेवणारं द्रावण). अमोनिया अमाइनसारखाच जुळतो, आणि तोही मोलरच्या घरात, म्हणजे भरपूर; ट्रिस तर अमाइनच. लायसिनच्या वाट्याला येण्याआधीच ग्लुटराल्डिहाइड त्यांनीच खाऊन टाकलं. पिवळा रंग बांधणीचा नव्हता, त्या वायफळ अभिक्रियेचा होता. मी वीस वर्षं विद्यार्थ्यांना ट्रिस हे अमाइन आहे असं शिकवत आले आणि बाटली हातात असताना ते माझ्या ध्यानात आलं नाही. याची मला अजून हळहळ वाटते, कारण त्यात तिचे अकरा चांगले स्फटिक गेले.

तेव्हाच तिच्या नात्यातल्या, रुग्णालयात काम करणाऱ्या एका ताईंनी सुचवलं की एंडोस्कोपीची उपकरणं ज्या द्रावणात बुडवतात त्यातही ग्लुटराल्डिहाइडच असतं, हवं तर थोडं देते. हेतू प्रेमाचा, पण ते चालत नाही. ते साधारण २ टक्क्यांचं असतं आणि वापरण्यापूर्वी त्यात अल्कली मिसळतात. अल्कलीत ग्लुटराल्डिहाइड आपापसात जुळत जातं, म्हणून तर ते द्रावण काही दिवसांनी फेकून देतात. स्फटिकांसाठी सूक्ष्मदर्शकीय कामाच्या प्रतीचं, २५ टक्के, थंडीत ठेवलेलं ताजं द्रावणच घ्यावं.

द्रव बदलणं

आता अमाइन काढायचं आणि स्फटिकही विरघळू द्यायचा नाही. ट्रिसच्या जागी फॉस्फेट घेतलं असतं तर कॅल्शियम आणि मँगनीज त्याच्याशी जुळून खाली बसण्याची भीती, आणि धातू गेले की साखर गेली. म्हणून हेपेस नावाचं दुसरं बफर घेतलं, सामू ७. त्याच्या नायट्रोजनला जोडायला मोकळा हायड्रोजन नसतो, त्यामुळे ग्लुटराल्डिहाइड त्याच्या वाटेला जात नाही. अमोनियम सल्फेटच्या जागी लिथियम सल्फेट : सल्फेट तेच, अमोनिया नाही.

एकदम बदल केला तर स्फटिक चिरतो. जुन्या आणि नव्या द्रवाची चार मिश्रणं करून, प्रत्येकात अर्धा-पाऊण तास ठेवत, नायलॉनच्या बारीक फासाने तो उचलत नेला. शेवटी नव्या द्रवात तीन वेळा धुतला. या कामात मनाची एकाग्रता किती लागते हे करून बघितल्याशिवाय कळत नाही. खानापूरच्या या मुलीचा हात माझ्यापेक्षा स्थिर निघाला, पुढचं सगळं उचलणं तिनेच केलं.

वाफेने बांधणी

थेंबात सरळ ग्लुटराल्डिहाइड घातलं की स्फटिकाच्या बाहेरच्या थराला एकाच वेळी फार मिळतं आणि आतवर पोचतच नाही. कॅरोल लस्टी यांनी १९९९ मध्ये याहून मवाळ रीत मांडली : ग्लुटराल्डिहाइड शेजारी ठेवायचं आणि त्याची वाफ हळूहळू थेंबात उतरू द्यायची. टांगत्या थेंबाने स्फटिक वाढवतात तसाच बंद कप्पा, तळाशी स्फटिकांचाच द्रव, आणि मधे उंचवट्यावर एका चिमुकल्या वाटीत आम्लधर्मी केलेलं २५ टक्के ग्लुटराल्डिहाइड. वरच्या कव्हरस्लिपला थेंब, थेंबात स्फटिक. विकतचे छोटे पूल आमच्याकडे नव्हते. पीसीआरच्या नळीचं टोपण कापून उलटं ठेवलं, त्यात बरोबर ५ मायक्रोलिटर मावलं. ग्रीस लावून कप्पा बंद.

किती वेळ ठेवायचं हे शोधण्यात पंधरवडा गेला, आणि या प्रकरणाचा खरा गाभा तोच आहे. परीक्षा सोपी होती : वाफेतून काढलेला स्फटिक साध्या पाण्यात टाकायचा.

दहा मिनिटं वाफ दिलेला विरघळला, फक्त थोडा सावकाश. वीस मिनिटांचा पाण्यात पडला आणि विचित्र दिसलं. आतला भाग विरघळून गेला, पण बाहेरच्या कडांची पातळ, पारदर्शक पेटी तशीच राहिली. स्फटिकाचा आकार होता, स्फटिक नव्हता. तिने वहीत लिहिलं : 'भुतं झाली.' आम्ही पुढे तोच शब्द वापरला. वाफ बाहेरून आत जाते हे याहून चांगलं कुठल्या आकृतीने दाखवलं नसतं. चाळीस मिनिटांचे बहुतेक टिकले, एकदोन मोठ्यांची भुतं झाली. तासभर ठेवलेले सगळे टिकले, कडा स्वच्छ, रंग नाही. रात्रभर ठेवलेले मात्र पिवळे झाले, फासाने उचलताना कडकन मोडले.

जाडी महत्त्वाची. लहान स्फटिकाला पुरेसा वेळ मोठ्याला अपुरा पडतो. म्हणून एका थेंबात एकाच मापाचे स्फटिक ठेवा. शेवटी आम्ही मध्यम स्फटिक आणि पन्नास मिनिटं यावर थांबलो. बाहेर काढल्यावर पाच मिनिटं ट्रिस घातलेल्या द्रवात ठेवायचे, म्हणजे राहिलेलं मोकळं अल्डिहाइड ट्रिस खाऊन टाकतो. महिन्यापूर्वी ज्या ट्रिसने सगळं बिघडवलं त्याचाच इथे उपयोग झाला.

एक गोष्ट आवर्जून. ग्लुटराल्डिहाइड घशाला, डोळ्यांना झोंबतं, त्वचेची आणि श्वासाची कायमची ॲलर्जी देऊ शकतं. पाच मायक्रोलिटर म्हणजे काही नाही, असं म्हणून बाटली उघड्या टेबलावर काढू नका. आमचा फ्यूम हूड (वाफा बाहेर ओढून नेणारं कपाट) जुना आहे, तरी सगळं त्यातच केलं, नायट्राइलचे हातमोजे घालून. नुसत्या वासावरून ते 'थोडंच आहे' असं ठरवू नये. विद्यार्थ्यांच्या फुप्फुसांशी तडजोड नको.

पुन्हा साखर, आणि बेंगळुरूची रात्र

बांधलेल्या स्फटिकावर तिने पुन्हा मिथाइल मॅनोसाइड घातलं, या वेळी एकदम नव्हे तर १ मिलीमोलरपासून वाढवत. ५ पर्यंत काहीच झालं नाही. १० ला एका टोकाला केसासारखी रेघ आली आणि तिथेच थांबली. पन्नासला दोन स्फटिक चिरले, पण एकही विरघळला नाही. गॅलॅक्टोजमध्ये आधीसारखंच शांत.

क्ष-किरणांचं यंत्र आमच्याकडे नाही. बेंगळुरूच्या एका प्रयोगशाळेने दोन दिवस दिले. रात्रीच्या गाडीने गेलो, स्फटिक थर्मासमध्ये, तिच्या मांडीवर. मार्च संपत आला होता, पहाटेपर्यंत थर्मासमधलं बर्फ वितळलं. सोबत नेलेले न बांधलेले काही स्फटिक त्या गरमीत गोल झाले. बांधलेले सगळे जसेच्या तसे पोचले. दूरच्या यंत्रावर अवलंबून असलेल्या आमच्यासारख्या गावांना हा बांधणीचा फायदा फार मोठा वाटतो.

काचेच्या केशनलिकांत बसवून मोजमाप घेतलं. न बांधलेल्या चांगल्या स्फटिकाने २.३ अँगस्ट्रॉमपर्यंत ठिपके दिले (आकडा जितका लहान, तितका तपशील बारीक). बांधलेल्याने २.६ पर्यंत, ठिपके किंचित पसरलेले, मापं जवळपास तीच. बांधून १० मिलीमोलर साखर दिलेला ३.२ वरच थांबला आणि ठिपके लांबट, शेपट्या असलेले. म्हणजे डोळ्याला एकसंध दिसणारा स्फटिक आतून थोडा विस्कटलेला होता. बांधणीने तो कोसळू दिला नाही, सरळही राहू दिला नाही.

साखर असलेल्या आणि नसलेल्या मोजमापांच्या फरकाच्या नकाशात मँगनीजकडच्या बाजूला, साखर जिथे बसायला हवी तिथे, एक फुगवटा दिसला. त्यात साखरेचं वलय बसवता येईल इतका स्पष्ट तो नव्हता. तिचे डोळे चमकले होते. बसवून बघूया म्हणाली. मी नको म्हटलं, आणि का ते सांगायला मला कॉनकॅनॅव्हॅलिनचाच इतिहास कामी आला.

१९७२ मध्ये एडेलमन यांच्या गटाने आणि हार्डमन-एन्सवर्थ यांनी या प्रथिनाची रचना प्रसिद्ध केली. आयोडीन लावलेली एक फिनाइल-साखर स्फटिकात सोडून साखरेची जागाही शोधली गेली : एक खोल कप्पा, मँगनीजपासून सुमारे २० अँगस्ट्रॉम दूर. पण द्रावणातल्या चुंबकीय अनुनादाच्या मोजमापांत साखर मँगनीजपासून सुमारे १० अँगस्ट्रॉमवर येत होती. दोन्ही खरं कसं असेल? तो खोल कप्पा साखरेचा नव्हताच. पाणी टाळणारं फिनाइलचं टोक तिथे जाऊन बसलं होतं. मॅनोसाइड धरलेल्या कॉनकॅनॅव्हॅलिनची रचना १९८९ मध्ये डेरेवेंडा आणि सहकाऱ्यांनी २.९ अँगस्ट्रॉमला दाखवली, ती साखरेसोबतच वाढवलेल्या, वेगळ्या मांडणीच्या स्फटिकांतून. मोठ्या, कसलेल्या लोकांनाही स्फटिकाने एकदा चुकीची खोली दाखवली होती.

आमच्या बाबतीत शंका आणखी एका पायरीने वाढते. साखर बसली की प्रथिनाला थोडं हलायचं असतं. आपण तर त्याचे हात शेजाऱ्यांशी बांधून ठेवले आहेत. मग दिसतो तो फुगवटा साखर नीट बसल्याचा, अर्धवट बसल्याचा, की काही रेणूंत बसून काहींत न बसल्याचा? बांधणी स्फटिक टिकवते, पण ज्या हालचालीचा शोध घ्यायचा तीच अडवू शकते. म्हणून साखर, औषधाचा रेणू, जड धातू असं काहीही आत सोडून बघायचं असेल तर बांधणी जेमतेम लागेल तेवढीच करावी आणि गॅलॅक्टोजसारखा, न बसणारा साथीदार प्रत्येक पायरीवर सोबत ठेवावा, असं माझं मत बनलं आहे. प्रवासासाठी किंवा गरमीत टिकण्यासाठी बांधायचं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे मोकळ्या हाताने बांधा.

प्रबंधात तिने लिहिलं : स्थान सूचित होते, सिद्ध होत नाही. तोंडी परीक्षेत एका परीक्षकांनी विचारलं, मग या प्रकल्पातून निघालं काय? तिने भुतांचे फोटो दाखवले, दहा, वीस, चाळीस, साठ मिनिटांचे ओळीने, आणि प्रत्येकाशेजारी गॅलॅक्टोजमधला. पुढचा अर्धा तास त्यावरच बोलणं झालं.

सध्या आम्ही स्फटिक बांधत नाही आहोत. प्रथिन आणि मिथाइल मॅनोसाइड आधीच मिसळून थेंब लावले आहेत, साखर धरलेल्या रेणूला त्याची हवी ती मांडणी सुरुवातीपासूनच घेऊ द्यायची म्हणून. नवव्या ट्रेच्या दोन कप्प्यांत पातळ पात्यांसारखे स्फटिक आले आहेत, अजून मापायला फार लहान. ती आता नोकरीला लागली आहे, तरी शनिवारी खानापूरहून गाडी पकडून ट्रे बघायला येते. आज्जींनी पेरायला ठेवायला सांगितलेल्या बिया मी परत केल्या. यंदा गडग्यावर वेल पुन्हा चढलाय, असं ती म्हणाली.